पहिल्या फ्लाय रॉडसाठी ब्लँक

माशीसारख्या दिसणाऱ्या गळाला वजन जवळजवळ नसतंच. म्हणून फ्लाय फिशिंगमध्ये फेकली जाते ती जाड, वजनदार दोरी आणि काठी त्या दोरीच्या वजनाशी जुळावी लागते. ‘५ वेट’ दोरीचे पहिले ३० फूट साधारण ९ ग्रॅम भरतात. ट्राउटसाठी पहिली काठी घरी बांधायची असेल, तर ९ फुटी, ५ वेटचा, चार तुकड्यांचा ब्लँक घ्यावा.

ब्लँक म्हणजे मूठ, कड्या न लावलेली नुसती निमुळती पोकळ नळी. महागडे ब्लँक ताठ कार्बन फायबरचे असतात. हलके, पण ठोकर लागली की तडकणारे. शिकणाऱ्याला मध्यम ताठपणाचा स्वस्त ब्लँकच जास्त उपयोगी, असं माझं ठाम मत आहे. तो मधल्या भागापर्यंत वाकतो, त्यामुळे दोरीचा भार हाताला कळतो. ग्लास फायबर थोडा जड असतो, पण मार सोसतो.

विकत घेताना सांधे जोडून काठी हलवावी. खटखट आवाज आला तर ती ठेवून द्यावी. मग टोकाकडून डोळा लावून सरळपणा बघावा. किंचित बाक चालतो, कड्या बसवताना तो वर किंवा खाली वळवून घेता येतो.