आत गेलेली गाडी बाहेर आली का?

मानखुर्दच्या फलाटावर उभं राहिलं की वाशी-पनवेलच्या लोकल एकामागून एक खाडीकडे निघून जाताना दिसतात. गाड्या पूर्वीपासून अशाच पलीकडे जात असाव्यात, असं आजच्या प्रवाशाला वाटतं. पण मानखुर्द-वाशी मार्ग सुरू झाला ९ मे १९९२ रोजी. तोवर हार्बरची लोकल मानखुर्दलाच संपायची. आणखी मागे गेलं, तर कुर्ल्याहून चेंबूरकडे येणारा हा फाटा मुळात माणसांसाठी नव्हताच. १९०६ मध्ये तो टाकला गेला शहराचा कचरा वाहून नेण्यासाठी. प्रवाशांना त्यावर जागा मिळाली १९२४ मध्ये. रोज लाखो माणसं वाहणाऱ्या या मार्गाचा जन्म असा एकेरी मालफाटा म्हणून झाला. कुर्ल्याहून ट्रॉम्बेकडे जाणारा मालमार्ग मात्र आजही मालाचाच आहे. खताचा कारखाना, तेलशुद्धीकरण कारखाने ही त्याची गिऱ्हाइकं.

अशा फाट्यावर गाडी सोडायची कशी? प्रश्न सोपा वाटतो. पण संगणकावर सिग्नलचं नक्कल-यंत्र, म्हणजे सिम्युलेशन, बनवायला बसलं की त्यातली मेख कळते. ब्रिटनमधलं ‘सिमसिग’ त्या देशातल्या सिग्नल केंद्रांचे पडदे हुबेहूब घरच्या संगणकावर आणतं. गाडी कुठे आहे ते पडद्यावरच्या लाल पट्ट्या सांगतात. मार्ग आपण लावायचा, चूक झाली तर खोळंबा आपलाच. आपणही एक नकाशा काढू. मुख्य मार्ग, त्याला एक सांधा, सांध्यापासून निघालेली एकच रूळजोडी आणि टोकाला कारखान्याचं फाटक.

पहिला नियम उघड आहे. आत जायची आणि बाहेर यायची वाट एकच, म्हणून एका वेळी एकच गाडी. भारतीय रेल्वेच्या १९७६ च्या सामान्य नियमांत ही पद्धत ‘वन ट्रेन ओन्ली’ या नावानेच आहे आणि ती छोट्या, टोक बंद असलेल्या एकेरी फाट्यांसाठीच आहे.

नियम पाळायची जुनी युक्ती म्हणजे चावी. साइडिंगचा, म्हणजे अशा फाट्याचा, सांधा कुलूपबंद असतो आणि त्याची चावी स्टेशन मास्तरकडच्या यंत्रात. चावी यंत्रातून निघाली की मुख्य मार्गाचे सिग्नल लाल राहतात, कितीही बटणं दाबा. सांधा पुन्हा सरळ करून, कुलूप लावून चावी परत जागेवर बसली, की मगच सिग्नल सुटतात. इंटरलॉकिंग म्हणतात ते हेच. एका गोष्टीचं तोंड उघडं असताना दुसरीचं उघडूच द्यायचं नाही.

एकेरी मार्गावर दोन स्टेशनांच्या मध्ये हेच काम टोकन करत असे. आपल्याकडे ‘नील्स बॉल टोकन’चा लोखंडी गोळा चालकाच्या हातात पडल्याशिवाय गाडी हलत नसे. दोन्ही स्टेशनांची यंत्रं तारेने जोडलेली, त्यामुळे एका वेळी एकच गोळा बाहेर निघायचा. पण यंत्र बिनचूक असून भागत नाही. २६ जानेवारी १९२१ रोजी वेल्समधल्या अ‍ॅबरम्यूलला हे दिसलं. गाडीने मागच्या टप्प्याचं टोकन आणलं होतं. ते हातोहात फिरत पुन्हा त्याच गाडीच्या चालकाकडे आलं. त्यावर कोणत्या टप्प्याचं नाव आहे, हे कुणीच वाचलं नाही. पुढून एक्सप्रेस येत होती. सतरा माणसं गेली. टोकन हातात होतं, पण ते दुसऱ्याच दाराचं होतं.

इथवरचं सगळं गाडी आत सोडण्याबद्दल. खरा घोळ ती बाहेर येताना होतो.

आपल्या नकाशात साइडिंगच्या तोंडाशी एक्सल काउंटर बसवू. हे उपकरण रुळावरून किती धुऱ्या आत गेल्या आणि किती बाहेर आल्या, ते मोजतं. हिशेब जुळला की मार्ग मोकळा. आता समजा, सहा धुऱ्यांचं इंजिन चाळीस वाघिणी घेऊन आत गेलं. प्रत्येक वाघिणीला चार धुऱ्या, म्हणजे एकूण १६६. कारखान्यात वाघिणी ठेवून इंजिन एकटंच परतलं. बाहेर आल्या सहा. उरल्या १६०. पडद्यावरची पट्टी लालच राहील आणि त्या वाघिणी परत आणायला दुसरं इंजिन सोडायला गेलात, तर तुमचंच यंत्र तुम्हाला अडवेल. त्याच्या दृष्टीने गाडी अजून आतच आहे.

घाईत सुचणारा उपाय घातक आहे: इंजिन बाहेर आलं की मार्ग मोकळा समजायचा. कारण वाटेत जोडणी सुटून चार वाघिणी मागे राहिल्या, तरी इंजिन बाहेर येणारच आणि पुढची गाडी अंधारात त्या वाघिणींवर जाऊन आदळेल.

उपाय गणितात नाही, हद्दीत आहे. मोजणी एकाऐवजी दोन ठिकाणी करायची, सांध्याजवळ आणि कारखान्याच्या फाटकाशी. मधला तुकडा तेवढा रेल्वेच्या एकेरी मार्गाचा. फाटकाआड गेलेल्या वाघिणी यार्डाच्या हिशेबात. त्या कितीही दिवस उभ्या राहोत, तुकडा रिकामा तो रिकामाच. १६६ धुऱ्या सांध्यावरून आत आल्या, १६६ फाटकातून पलीकडे गेल्या, हिशेब मिटला. परतताना सहा फाटकातून आल्या, सहा सांध्यावरून गेल्या, पुन्हा मिटला. एखादी वाघीण मधेच राहिली तर चार धुऱ्या कमी पडतील आणि पट्टी लालच राहील.

आणि काउंटरच चुकला तर? रिकामा तुकडा लाल दिसत राहतो, मालगाडी खोळंबते आणि फोन वाजू लागतात. सिम्युलेशनमध्ये इथे एक बटण देऊन टाकण्याचा मोह होतो: रीसेट. ते देऊ नये. म्हणजे द्यावं, पण त्याआधी एक अट घालावी. पडद्यासमोरच्या माणसाने रुळांवर दुसरा माणूस पाठवावा, तो पूर्ण तुकडा चालून यावा, त्याला लागणारी मिनिटं घड्याळात सरकावीत आणि त्याचा निरोप आल्यावरच बटण जिवंत व्हावं. घरच्या खेळात ही पंधरा-वीस मिनिटं कंटाळवाणी वाटतात. पण त्या मिनिटांत खेळणाऱ्याला पहिल्यांदा कळतं की पडद्यावर दिसते ती गाडी नाही, गाडीबद्दलची बातमी आहे.

म्हणूनच इतकी यंत्रं येऊनही आपल्या गाड्यांच्या शेवटच्या डब्यामागे ‘एल. व्ही.’चा फलक आणि रात्री लाल दिवा असतो. लास्ट व्हेइकल, म्हणजे शेवटचा डबा. स्टेशनातून मालगाडी धडधडत जाताना फलाटावरचा प्रवासी इंजिनाकडे बघतो. हिरवी झेंडी धरून उभा असलेला रेल्वेचा माणूस मात्र नजर शेपटाकडे लावून असतो. तो फलक दिसला, की त्याच्यापुरती गाडी अख्खी गेली.