कळफलकाची किंमत आणि बोटांचे श्रम

गेल्या दिवाळीच्या सुटीत एक माजी विद्यार्थी भेटावयास आला. पदवी घेतल्यानंतर तो एका कार्यालयात कंत्राटी पद्धतीने संगणकावर नोंदी करण्याचे काम करतो आणि रात्री घरी प्रबंध, हस्तलिखिते, अर्ज टंकलिखित करून चार पैसे मिळवितो. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्यावर त्याने खिशातून एक कागद काढला. अॅल्युमिनियमची पेटी, पितळी पट्टी, स्विच, कळांच्या टोप्या, वंगण अशी यादी आणि खाली बेरीज : रुपये २० हजार. ‘सर, माझ्या पसंतीचा मेकॅनिकल कीबोर्ड जुळवून घ्यावा म्हणतो. वर्षभर पैसे साठवले आहेत. पण एवढी किंमत द्यावी का?’

प्रश्न वरवर पाहता हौसेचा वाटेल. परंतु सुतार रंधा पारखून घेतो, शिंपी कात्री हातात धरून पाहतो. तेव्हा त्याला कोणी हौशी म्हणत नाही. ज्याची भाकरी बोटांवर अवलंबून आहे, त्याने आपल्या हत्याराची चौकशी केली तर ती गंभीरपणेच ऐकली पाहिजे.

प्रथम वस्तू समजून घेऊ. आपल्या बहुतेक कार्यालयांतील कळफलकात प्लॅस्टिकचे पातळ पापुद्रे असतात आणि प्रत्येक कळीखाली रबराचा लहानसा घुमट. कळ तळापर्यंत दाबली, घुमट चेपला, पापुद्रे एकमेकांस टेकले की अक्षर उमटते. यांत्रिक कळफलकात प्रत्येक कळीला स्वतंत्र स्विच, स्वतःची स्प्रिंग आणि धातूचा संपर्क असतो. रूढ पद्धतीच्या स्विचमध्ये कळ चार मिलिमीटर खाली जाते, पण अक्षर सुमारे दोन मिलिमीटरवरच नोंदले जाते. बोटाला तळ गाठण्याची गरज राहत नाही. हा फरक खरा आहे. तो जाहिरातीने निर्माण केलेला नाही.

हे तंत्र नवेही नाही. आय.बी.एम. कंपनीने १९८१ साली आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला, तेव्हा त्याचा कळफलक भक्कम स्प्रिंगांचाच होता. पुढे संगणकाच्या किमती उतरू लागल्या, तशी प्रत्येक भागात काटकसर झाली आणि रबरी घुमटाने जागा पटकावली. यांत्रिक स्विचची बाजारपेठ दीर्घकाळ चेरी या जर्मन कंपनीच्या हाती होती. तिच्या मूळ रचनेच्या एकस्वाची मुदत गेल्या दशकात संपली आणि चिनी कारखान्यांनी त्याच घडणीचे स्विच कमी दरात बनविण्यास आरंभ केला. मक्तेदारी ओसरली की लाभ ग्राहकाच्या पदरात पडतो, हे पाठ्यपुस्तकातील वाक्य येथे अक्षरशः खरे ठरले. आज साधा रबरी कळफलक सुमारे ६०० रुपयांना, तर कामचलाऊ नव्हे, चांगला यांत्रिक कळफलक अडीच हजारांच्या आसपास मिळतो.

आता हिशेब करू. आमचा विद्यार्थी दिवसाला चार तास, वर्षातून २५० दिवस टंकलेखन करतो असे धरू. मिनिटाला ३० शब्द म्हणजे सुमारे १५० ठोके. वर्षाला ९० लाख. त्यांतील सहावा हिस्सा शब्दांमधील मोकळी जागा सोडणाऱ्या लांब कळीवर पडतो असे मानले, तर त्या एकाच कळीवर १५ लाख. रबरी घुमटाचे आयुष्य साधारणपणे ५० लाख ते एक कोटी ठोके सांगतात. म्हणजे तीन ते सहा वर्षे. चांगल्या यांत्रिक स्विचचे आयुष्य पाच कोटी किंवा त्याहूनही अधिक सांगतात. म्हणजे ३० वर्षांपेक्षा जास्त. तोवर संगणकच दोन-चार वेळा बदललेला असेल. येथे ध्यानात घ्यावयाची गोष्ट ही की, हा टिकाऊपणा अडीच हजारांच्या कळफलकातच हाती येतो. २० हजारांच्या कळफलकातील स्विचही बहुधा त्याच जातीचा असतो.

पाच वर्षांत कामाचे तास होतात पाच हजार. ६०० रुपयांच्या कळफलकाचा खर्च तासाला १२ पैसे, अडीच हजारांच्या कळफलकाचा ५० पैसे आणि २० हजारांच्या कळफलकाचा चार रुपये. पहिल्या पायरीवर ३८ पैसे अधिक देऊन हलका स्पर्श, खात्रीची नोंद आणि दीर्घ आयुष्य मिळते. दुसऱ्या पायरीवर साडेतीन रुपये अधिक देऊन काय मिळते? पेटीचे वजन, ठोक्याचा गोड नाद, टोप्यांचा रंग आणि आपण स्वतः जुळविल्याचे समाधान. घटत्या सीमान्त उपयोगितेचे याहून सोपे उदाहरण वर्गात देणे कठीण आहे.

कोणी म्हणेल, समाधानाला किंमत नाही काय? अवश्य आहे. एखादा सतारीवर खर्च करतो, एखादा घड्याळावर. कळफलकावर करणाऱ्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. आक्षेप आहे तो हौसेला गरजेचे नाव देण्याला. महाग कळफलकाने वेग वाढतो किंवा मनगटाचे दुखणे जाते, ही विधाने पैसे मोजल्यानंतर मनाची समजूत घालण्यासाठी केलेली असतात. वेग सरावाने वाढतो. मनगटाला आराम हवा असेल, तर मेजाची उंची, खुर्ची आणि मधूनमधून विश्रांती यांकडे आधी पाहावे लागते. शिवाय या हौसेच्या बाजारात अनेक वस्तू ‘सामूहिक खरेदी’ने विकल्या जातात. पैसे आज भरावयाचे. माल काही महिन्यांनी, कधी वर्ष उलटल्यावर हाती यावयाचा. म्हणजे ग्राहक विक्रेत्याला बिनव्याजी कर्ज देतो आणि जोखीमही स्वतःच पत्करतो. बचत मोजकी असलेल्याने या वाटेला जाऊ नये.

मग निवड कशी करावी? चार गोष्टी पाहाव्यात. स्विच किती दाबाचा आहे : ४५ ग्रॅमच्या आसपासचा दाब बहुतेकांच्या बोटांना हलका वाटतो. तो ‘टक्’ असा आवाज करतो काय : करीत असेल, तर शेजारच्या मेजावरील सहकाऱ्याचा विचार करावा. स्विच डाग न देता उपसून बदलता येतात काय : येत असतील, तर एक कळ बिघडल्याने सारा कळफलक टाकावा लागत नाही. आणि आकड्यांचा स्वतंत्र गट आहे काय : हिशेबाचे काम करणाऱ्याने दिसण्यावर भुलून लहान कळफलक घेऊ नये. मराठीत काम करणाऱ्याने हेही जाणावे की, हौसेच्या टोप्यांवर देवनागरी अक्षरे सहसा नसतात. न पाहता टंकलेखन येत असेल तरच त्या उपयोगाच्या. टंकलेखनाच्या परीक्षेस बसणाऱ्यांना तर आणखी एक सूचना करावीशी वाटते. केंद्रावर जो कळफलक समोर येईल, त्यावरच परीक्षा द्यावी लागणार. म्हणून सरावाचे काही तास साध्या कळफलकावर काढावेत.

परंतु या हिशेबातून निघणारा खरा प्रश्न वेगळाच आहे. ज्याला कामासाठी चांगल्या कळफलकाची सर्वाधिक गरज आहे, त्याला निवडीचा अधिकारच नाही. दिवसभर नोंदी करणाऱ्या लिपिकाच्या पुढ्यात येतो तो सर्वांत कमी दराच्या निविदेतून आलेला कळफलक. अक्षरे पुसलेली, कळा अडकणाऱ्या, दोनदा दाबल्याखेरीज न उमटणाऱ्या. ६०० आणि अडीच हजार यांतील फरक १,९०० रुपये. पाच वर्षांवर वाटला तर कामाच्या दिवसाला दीड रुपया. चुकलेली नोंद शोधून दुरुस्त करण्यात जाणारा वेळ दिवसाला दोन-चार मिनिटे जरी वाचला, तरी हा दीड रुपया वसूल होतो. तथापि खरेदीच्या नस्तीत किंमत दिसते. बोटांचे श्रम आणि वाया गेलेली मिनिटे यांच्यासाठी तेथे रकानाच नसतो. वस्तूची किंमत कमी, पण वापराचा खर्च अधिक, अशी ही काटकसर आहे. निविदेच्या अटींत यांत्रिक स्विच आणि हमीची मुदत या दोन ओळी घातल्या, तर नियम न मोडताही ती सुधारता येईल.

विद्यार्थ्याला मी एवढेच सांगितले की, घरच्या कामासाठी अडीच हजारांचा कळफलक घे आणि एक चांगली खुर्ची घे. उरलेल्या पैशांतून पुढे कधी हौस करावीशी वाटली, तर ती हौस म्हणून कर. त्याने कागदाची घडी घातली आणि जाता जाता विचारले, ‘आणि सर, ऑफिसातल्या कीबोर्डचं काय?’ या प्रश्नाचे उत्तर मला द्यावयाचे नसून, खरेदीच्या कागदांवर सह्या करणाऱ्यांनी द्यावयाचे आहे.