झागोर्येच्या गढ्या

क्रोएशिया हा देश बहुतेकांना ठाऊक असतो तो त्याच्या निळ्या समुद्रकिनाऱ्यामुळे. परंतु समुद्रापासून दूर, देशाच्या उत्तर भागात झागोर्ये नावाचा एक लहानसा टेकड्यांचा मुलूख आहे. राजधानी झाग्रेबच्या पाठीशी मेद्वेद्‌नित्सा पर्वत उभा आहे. त्याच्या पलीकडून स्लोव्हेनियाच्या सरहद्दीपर्यंत हा प्रदेश पसरला आहे. ‘झागोर्ये’ या शब्दाचा अर्थच मुळी ‘डोंगरापलीकडचा मुलूख’ असा होतो. उतरणीवर द्राक्षमळे, सखल भागात मक्याची शेते, मधूनच एखाद्या चर्चचा निमुळता मनोरा, आणि टेकड्यांच्या माथ्यावर जुन्या सरदार घराण्यांच्या गढ्या, असे त्याचे रूप आहे. या गढ्यांच्या भिंती काळजीपूर्वक पाहिल्या, तर त्या बांधणाऱ्यांना कशाचे भय होते आणि ते केव्हा ओसरले, हे आपल्याला जणू वाचता येते.

प्रथम देसिनिच गावाजवळच्या टेकडीवरील ‘व्हेलिकी ताबोर’ पाहू. सोळाव्या शतकाच्या आरंभी ही जहागीर राट्काय घराण्याकडे आली. मधोमध पाच बाजूंची जाड भिंतींची मुख्य इमारत, आणि तिला वेढून चार अर्धवर्तुळाकार बुरूज अशी तिची रचना आहे. बाहेरून पाहणाऱ्यास ती करडी व अबोल वाटते. आत शिरताच मात्र चित्र पालटते. चौकाभोवती मजल्यांवर कमानींचे सज्जे आहेत, आणि वाड्याच्या चौकात वावरलेल्या मराठी माणसाला ते परके वाटू नयेत.

या गढीशी व्हेरोनिका नावाच्या मुलीची करुण कथा जोडलेली आहे. बलाढ्य चेल्ये घराण्याच्या फ्रेडरिकने सामान्य कुळातील व्हेरोनिकेवर प्रेम केले. त्याचा पिता हेर्मान याने तिच्यावर चेटकाचा आरोप ठेविला. न्यायासनाने तिला निर्दोष ठरविले, तरीही तिला बुडवून मारण्यात आले, आणि तिचा देह गढीच्या भिंतीत चिणला असे लोक सांगतात. तिचीच म्हणून एक कवटी गढीतील प्रार्थनागृहात दाखवितात. परंतु व्हेरोनिकेचा अंत झाला १४२५ च्या सुमारास, आणि आज उभी असलेली वास्तू त्यानंतरच्या शतकातील आहे. म्हणजे कथा आधीची आणि भिंत नंतरची! तरीही लोकांनी ही कथा या दगडांतच जपून ठेविली.

१५२६ साली मोहाचच्या रणांगणावर हंगेरीचा राजा पडला आणि तुर्की फौजांना उत्तरेची वाट मोकळी झाली. झागोर्ये तुर्कांच्या सत्तेखाली कधी गेले नाही. पण त्यांचे भय मात्र कायमचे वस्तीस आले. वाराज्दिन शहराचा भुईकोट हे त्याचे उत्तम उदाहरण होय. तोफांपुढे उंच मनोऱ्यांचा निभाव लागत नाही हे ओळखून सोळाव्या शतकाच्या मध्यास डोमेनिको देल्लाल्यो या इटालियन स्थापत्यकाराने त्याची नवी रचना केली. बुटके, रुंद, गोल बुरूज, सभोवार मातीचे उंच बांध आणि पाण्याचा खंदक अशी ती योजना होती. पुढे हा कोट एर्डोडी घराण्याकडे आला. त्याच घराण्यातील टोमा एर्डोडी याने १५९३ साली सिसाकच्या लढाईत तुर्कांचा पराभव केला.

पण भय केवळ सरहद्दीपलीकडूनच येत होते काय? या भिंतींचे दगड वाहणारे, खंदक उपसणारे हात कोणाचे होते, हेही विचारले पाहिजे. सुसेदग्राद व स्तुबित्सा येथील जहागीरदार फ्रान्यो टाही याच्या जुलमाने गांजलेले कुळवाडी १५७३ च्या जानेवारीअखेर उठले. मातिया गुबेत्स हा त्यांचा नायक. ९ फेब्रुवारीस स्तुबित्साजवळ त्यांचा पराभव झाला आणि १५ फेब्रुवारीस झाग्रेब येथे गुबेत्सला ठार मारण्यात आले. त्याच्या मस्तकी तापलेला लोखंडी मुकुट ठेविला, असे लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. त्या समयी देशाचा ‘बान’, म्हणजे राजप्रतिनिधी, होता बिशप युराय द्राश्कोविच. आणि याच युरायपासून त्राकोश्चानची प्रसिद्ध गढी द्राश्कोविच घराण्याकडे आली.

१६९९ च्या कार्लोविट्‌स तहानंतर तुर्कांचे सावट विरले. गढ्यांतील मंडळी हळूहळू डोंगरमाथ्यावरून खाली उतरली. जंग्यांच्या जागी रुंद खिडक्या आल्या, खंदकाच्या जागी बाग आली. राट्काय घराण्याच्याच मिल्याना येथील वाड्यात अठराव्या शतकात भिंतींवर नाजूक चित्रे रंगविली गेली. गॉर्न्या स्तुबित्सा येथे १७५६ साली क्रस्तो ओर्शिच याने बरोक शैलीचा वाडा बांधला. तेथे लढाईची कसलीच तयारी दिसत नाही.

त्राकोश्चानची गढी, जिचा उल्लेख १३३४ पासून आढळतो, ती तर याहून विलक्षण आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पाचव्या युराय द्राश्कोविचने तिला नवगॉथिक थाटाचे रूप दिले. चर्या, मनोरे, उचलता पूल, सारे काही आले. ओढा अडवून पायथ्याशी तळेही निर्माण केले. गंमत अशी, की ज्या १८४८ साली भूदासप्रथा रद्द होऊन सरदारांच्या सत्तेचा पाया ढासळला, त्याच्याच आगेमागे हे लढाऊ रूप उभे राहिले. खरी सत्ता ओसरत असता तिचे चित्र मात्र दगडात रेखले गेले, असेच म्हणावे लागेल. याच घराण्यातील युलियाना या चित्रकार स्नुषेची चित्रे आजही त्या दालनांत लावलेली आहेत.

यानंतर पडता काळ आला. स्वतः झागोर्येतील गढीत राहणाऱ्या क्षावेर शांदोर ज्याल्स्की या कथाकाराने १८८६ साली ‘जुन्या छपरांखाली’ अशा अर्थाच्या नावाचा संग्रह लिहून या विझत्या घराण्यांचे दर्शन घडविले. पहिल्या महायुद्धानंतर व्हेलिकी ताबोर ओतोन इव्हेकोविच या चित्रकाराने विकत घेऊन जगविण्याचा यत्न केला, पण एकट्याच्या बळावर तो खर्च झेपणारा नव्हता. दुसऱ्या महायुद्धानंतर उरलेल्या कित्येक गढ्या सरकारजमा झाल्या. काहींची छपरे कोसळली. ज्यांना नवे काम मिळाले, त्या तगल्या. वाराज्दिनच्या कोटात १९२५ पासून, त्राकोश्चानमध्ये १९५३ पासून संग्रहालय आहे. व्हेलिकी ताबोरही दुरुस्तीनंतर २०११ साली पुन्हा खुला झाला.

आम्हांस यांत सर्वांत मोलाचा वाटतो तो ओर्शिच वाडा. उठावाला ४०० वर्षे झाली तेव्हा, १९७३ साली, सरदारांच्या त्या वाड्यातच शेतकऱ्यांच्या बंडांचे संग्रहालय उघडण्यात आले. जवळच्या टेकडीवर झागोर्येचेच सुपुत्र आंतुन आउगुस्तिन्चिच यांनी घडविलेले गुबेत्सचे भव्य स्मारक आहे. टाहीचा सुसेदग्राद मात्र आज भग्नावशेषांच्या रूपाने उरला आहे. जुन्या वास्तू राखाव्यात, हे सर्वांस मान्य आहे. त्या राखताना बांधविणाऱ्यांच्या नावांबरोबर दगड वाहणाऱ्यांचीही आठवण त्याच छपराखाली ठेवावी, हा धडा झागोर्येच्या या लहानशा मुलुखाने घालून दिला आहे.