हृदयाच्या सुजेसाठी एमआरआय : लोहाचे नॅनोकण काय दाखवतात?

तापानंतर काही दिवसांनी छातीत दुखू लागले, धाप लागली किंवा धडधड वाढली, तर हृदयाच्या स्नायूला सूज आलेली असू शकते. याला मायोकार्डायटिस म्हणतात. ईसीजी, ट्रोपोनिनची रक्ततपासणी आणि टूडी इकोनंतर डॉक्टर बऱ्याचदा हृदयाचा एमआरआय करायला सांगतात.

नेहमीचे कॉन्ट्रास्ट

शिरेतून गॅडोलिनियमचे इंजेक्शन देतात. निरोगी स्नायूतून ते लवकर निघून जाते, इजा झालेल्या भागात रेंगाळते. म्हणून १० ते १५ मिनिटांनंतर तो भाग पांढरा दिसतो. पण ही ताजी सूज आहे की जुना व्रण, हे फक्त त्यावरून ठरत नाही. त्यासाठी स्नायूतले साठलेले पाणी दाखवणारी वेगळी चित्रेही घेतात.

नॅनोकणांचे वेगळेपण

फेरुमॉक्सिटॉल या औषधात सुमारे ३० नॅनोमीटरचे, म्हणजे केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागापेक्षाही लहान, लोहकण असतात. मॅक्रोफेज नावाच्या संरक्षक पेशी हे कण गिळतात. या पेशी सुजेच्या जागी जमतात. साधारण एका दिवसाने पुन्हा एमआरआय केला, की लोहामुळे तो भाग काळपट दिसतो.

मग हीच तपासणी का करत नाहीत?

अमेरिकेत २००९ मध्ये या औषधाला मान्यता मिळाली ती किडनीच्या रुग्णांमधील लोहाच्या कमतरतेसाठी, एमआरआयसाठी नव्हे. क्वचित जिवावर बेतणारी ॲलर्जी होते, म्हणून २०१५ मध्ये त्यावरचा इशारा अधिक कडक केला गेला. हार्ट अटॅकनंतरची सूज या कणांनी दिसू शकते, असे संशोधनात आढळले आहे. मायोकार्डायटिसमध्ये मात्र ही नेहमीची तपासणी झालेली नाही. त्यामुळे तुम्हाला साधा कॉन्ट्रास्ट एमआरआय सांगितला, तर उपचारात काही कमी पडले असे समजू नका.

एमआरआयपूर्वी हे जरूर सांगा

- किडनीचा आजार. क्रिएटिनिनचा रिपोर्ट सोबत न्या.
- पूर्वी कॉन्ट्रास्ट किंवा लोहाच्या इंजेक्शनची ॲलर्जी.
- पेसमेकर, शरीरात बसवलेली धातूची वस्तू किंवा गर्भारपण.
- अलीकडे शिरेतून घेतलेले लोह. फेरुमॉक्सिटॉलचा परिणाम एमआरआयच्या चित्रांवर ३ महिन्यांपर्यंत राहू शकतो.

छातीत खूप दुखत असेल, चक्कर येऊन शुद्ध हरपली किंवा दम लागून बोलता येत नसेल, तर एमआरआयच्या तारखेची वाट पाहू नका. रुग्णाला लगेच तातडीच्या विभागात न्या.