हलकी तोफ : बळ आणि मर्यादा

इंदूरहून सांवेर रोडने उज्जैन गाठावे आणि तसेच उत्तरेस जावे, की क्षिप्रेच्या काठी महिदपूर लागते. २१ डिसेंबर १८१७ रोजी येथे होळकरांची फौज आणि सर टॉमस हिस्लॉप यांची इंग्रज फौज समोरासमोर आली. इंग्रजांच्या घोड्यांनी ओढलेल्या हलक्या तोफा नदीचा उतार ओलांडून चटकन पुढे आल्या. परंतु पलीकडे मांडलेल्या होळकरांच्या अधिक वजनदार तोफांनी त्या थोड्याच वेळात निकामी केल्या. लढाई अखेर पायदळाच्या हल्ल्याने इंग्रजांनी जिंकली. होळकरांचे गोलंदाज मात्र शेवटपर्यंत तोफांपासून हटले नाहीत.

चपळाई मिळवावी तर मारा उणावतो, हा तोफखान्यापुढील पेच तेव्हापासून कायम आहे. हॉवित्झर, म्हणजे जुन्या मराठीतील गरनाळ, गोळा सरळ न फेकता उंच कमानीतून टाकते. त्यामुळे डोंगराआड दडलेला शत्रूही तिच्या टप्प्यात येतो. म्हणूनच पहाडी युद्धात ती हवी; पण पहाडावर ती चढवायची कशी?

कारगिलमध्ये १९९९ साली १०५ मिलिमीटरच्या हलक्या तोफा होत्याच. तथापि शिखरांवरील दगडी मोर्चे फोडण्यास त्यांचा गोळा अपुरा पडे. ते काम १५५ मिलिमीटरच्या बोफोर्सने केले. बोफोर्सचे वजन मात्र बारा टनांच्या घरात, आणि तिला रस्ता लागतो.

या दोहोंची सांगड एम-७७७ ने घातली. टायटॅनियमच्या वापरामुळे तिचे वजन चार टनांहून थोडेच अधिक, गोळा मात्र १५५ मिलिमीटरचाच. पल्ला साधारण २४ किलोमीटर, विशेष गोळ्याने ३०. भारताने २०१६ मध्ये अशा १४५ तोफांचा करार केला आणि ९ नोव्हेंबर २०१८ रोजी नाशिकजवळच्या देवळाली येथे त्या सैन्यात समारंभपूर्वक दाखल झाल्या.

तिला स्वतःचे चाकांवर चालवणारे इंजिन नाही, चिलखतही नाही. युक्रेनमध्ये ड्रोनच्या नजरेखाली हे उणेपण प्रकर्षाने दिसले. गोळा सुटताच जागा बदलली नाही, तर उलट मारा गोलंदाजांवरच येतो. शिवाय चिनूक हेलिकॉप्टर तोफ उचलून शिखराजवळ ठेवील. पण एकेक गोळा चाळीस किलोंहून जड असल्याने दारूगोळ्यासाठी त्याला पुन्हा पुन्हा फेऱ्या माराव्या लागतात.