झेंडीच्या मागे नारा

क्योतोहून किंतेत्सुची जलद गाडी पकडली की पाऊण तासात नारा येतं. ओसाकाच्या नाम्बा स्टेशनावरून निघालं तरी साधारण तेवढंच. जपानच्या या जुन्या राजधानीचं सारं सुख आणि सारं दुखणं याच पाऊण तासात आहे. इतक्या जवळच्या गावात मुक्काम कोण करणार? सकाळी यायचं, मोठा बुद्ध पाहायचा, हरणांना बिस्किटं चारायची आणि रात्रीच्या जेवणाला परत. त्यामुळे एवढा वारसा असूनही हॉटेलांच्या खोल्यांच्या बाबतीत नारा प्रांत वर्षानुवर्षं देशात तळाशी राहिला.

मराठी सहलींच्या जपान दौऱ्यातही नाराच्या वाट्याला बहुधा एकच दिवस येतो, कधी अर्धाच. पण गाइडच्या झेंडीमागे चालणारे आपणच नव्हे. १८८६ साली तोक्योच्या शिक्षक-प्रशिक्षण शाळेतले विद्यार्थी चिबा प्रांतात लांबच्या पायी सहलीला गेले आणि तिथून जपानमध्ये शैक्षणिक सहलींचा पायंडा पडला. आज क्योतो-नारा ही त्या सहलींची पंढरीच आहे. मोठ्या बुद्धाच्या आवारात पोरांच्या रांगा, शिक्षकांच्या शिट्ट्या, गटाचे फोटो आणि पुन्हा पुन्हा होणारी डोकेमोजणी हे रोजचंच.

खरं तर नारा पाहायला स्टेशनात उतरायचीही वाट बघावी लागत नाही. यामातो-साइदाइजी स्टेशन सोडलं की गाडी एका विस्तीर्ण मोकळ्या मैदानातून जाते. डावीकडे एक भव्य लाल-पांढरी वास्तू, उजवीकडे तसंच एक महाद्वार. हे हेइजो राजवाड्याचं आवार. ७१० ते ७८४ या काळात जपानचा कारभार इथून चालायचा. महाद्वार १९९८ साली आणि दरबाराची वास्तू २०१० साली नव्याने उभारली. रेल्वेमार्ग मात्र जुन्या राजवाड्याच्या जमिनीतूनच गेलेला आहे. हे दृश्य जेमतेम दोन मिनिटांचं असतं, आणि तेवढ्यात गटातले निम्मे लोक फोनमध्ये असतात.

स्टेशनातून बाहेर पडल्यावर पहिली भेट कोफुकुजी मंदिराची. तिथला १४२६ सालचा पाच मजली पॅगोडा सध्या मोठ्या दुरुस्तीसाठी आच्छादनाखाली आहे, त्यामुळे संग्रहालयातली ७३४ सालची तीन मुखांची, सहा हातांची असुराची मूर्ती पाहून पुढे निघावं. आपल्या पुराणांतला असुर इथे कोवळ्या, किंचित चिंतातुर मुलाच्या चेहऱ्याने उभा आहे.

मग हरणं. नाराच्या उद्यानात हजाराहून जास्त हरणं मोकाट फिरतात. कासुगाच्या देवळातला देव पांढऱ्या हरणावर बसून आला, अशी कथा आहे. म्हणून ही हरणं पिढ्यान् पिढ्या पवित्र मानली गेली. १९५७ साली सरकारने त्यांना नैसर्गिक ठेव्याचा दर्जा दिला. भाताचा कोंडा आणि पीठ यांची बिस्किटं वाटेवरच विकत मिळतात आणि हरणं ती मिळवण्यासाठी चक्क मान लववून नमस्कार करतात. बिस्किट दाखवून हुलकावणी दिली तर मात्र सदऱ्याचं टोक त्यांच्या तोंडात गेलंच म्हणून समजा. बिस्किटं संपली की दोन्ही रिकामे तळहात दाखवायचे, ही खूण त्यांना कळते. प्लास्टिकची पिशवी हातात लटकवू नये. पोटात प्लास्टिक जाऊन इथे हरणं मेलेली आहेत.

मोठ्या बुद्धाचं मंदिर म्हणजे तोदाइजी. त्याचं दक्षिणद्वार ११९९ सालचं. द्वाराच्या दोन अंगांना आठ मीटरहून उंच असे दोन लाकडी द्वारपाल उभे आहेत. उनकेई आणि काइकेई या शिल्पकारांनी, सहकाऱ्यांच्या फौजेसह, १२०३ साली ते अवघ्या ६९ दिवसांत उभे केले. सुट्या तुकड्यांतून मूर्ती जोडण्याची पद्धत नसती तर हे शक्यच नव्हतं.

आत बसला आहे दाइबुत्सु, सुमारे १५ मीटर उंचीचा ब्राँझचा बुद्ध. त्याच्या मुळाशी एक साथ आहे. ७३५ ते ७३७ या वर्षांत देवीच्या रोगाने जपानमध्ये हाहाकार उडवला. दरबारातले मातब्बरही त्यातून सुटले नाहीत. पुढे ७४३ साली सम्राट शोमू याने देशाच्या रक्षणासाठी ही मूर्ती घडवण्याचा हुकूम काढला. ७५२ साली नेत्रोन्मीलनाचा सोहळा झाला आणि बुद्धाच्या डोळ्यांत बाहुल्या रेखण्याचा मान मिळाला बोधिसेन या भारतीय भिक्षूला. तो चीनमार्गे ७३६ साली जपानला पोचला होता. त्याच्या हातातल्या कुंचल्याला लांबलचक निळी रेशमी दोरी बांधलेली होती आणि जमलेल्यांनी ती धरून त्या पुण्यात वाटा घेतला. तो कुंचला आणि ती दोरी अजून शाबूत आहेत. मंदिराच्या मागे शोसोइन नावाचं लाकडी भांडार आहे, त्याच्या संग्रहात. दर शरद ऋतूत नाराच्या राष्ट्रीय संग्रहालयात त्यातल्या निवडक वस्तूंचं प्रदर्शन भरतं. आपला गट त्याच सुमारास गेला असेल तर दुसरं काहीही गाळावं, हे गाळू नये.

देऊळ दोनदा लढायांत जळलं, ११८० साली आणि १५६७ साली. दुसऱ्या आगीनंतर बुद्ध शंभरहून जास्त वर्षं धड छपराशिवाय बसून होता. कोकेई नावाच्या भिक्षूने गावोगाव वर्गणी गोळा केली, तेव्हा कुठे १७०९ साली आजचं मंदिर पुरं झालं. त्याची रुंदी ५७ मीटर. मूळ मंदिर तर ८६ मीटर रुंद होतं. बुद्धाचं आजचं मस्तकही सतराव्या शतकातलं. मग आठव्या शतकातलं उरलं काय? आसनाच्या काही पाकळ्या, ज्यांवर बारीक रेषांत बुद्धविश्व कोरलंय, आणि अंगणातला अष्टकोनी ब्राँझचा दीप. बहुतेक गट त्या दीपाला वळसा घालून घाईने आत शिरतात. आत गेल्यावर गर्दी असते ती एका खांबापाशी. त्याच्या बुंध्याला बुद्धाच्या नाकपुडीएवढं म्हणतात असं भोक आहे आणि त्यातून पार होणाऱ्याला पुण्य लाभतं. मुलं सहज जातात. मोठ्यांनी आपला घेर पाहून ठरवावं.

इथून गट सहसा कासुगाच्या दिशेने वळतात. तिथले दगडी आणि ब्राँझचे मिळून सुमारे तीन हजार दीप देखणे आहेत यात वाद नाही, पण ते सगळे पेटतात वर्षातून दोनदाच, फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये. वेळ कमी असेल तर त्याऐवजी टेकडीवरच्या निगात्सुदो मंदिराच्या सज्ज्यात जावं. सगळं नारा पायाखाली दिसतं आणि तिकीटही नाही. याच सज्ज्यातून मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात पेटत्या मशाली फिरवतात. ७५२ पासून हा विधी एकाही वर्षी चुकलेला नाही.

नारात एक दिवस घालवणारा मराठी माणूस एका गोष्टीला हमखास मुकतो, ती म्हणजे होर्यूजीचं मंदिर-संकुल. जेआरच्या गाडीने जेमतेम बारा मिनिटं आणि पुढे वीसेक मिनिटं चाल, एवढ्यासाठी ते कार्यक्रमातून गळतं. जगातल्या सर्वांत जुन्या लाकडी इमारती इथे उभ्या आहेत. इथल्या मुख्य मंदिराच्या भिंतींवर जी चित्रं होती, त्यांतल्या बोधिसत्त्वाशेजारी अभ्यासक गेलं शतकभर अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी ठेवत आले आहेत. रेषा वेगळी, पण छटा देऊन अंगाला उठाव आणण्याची रीत आणि ते किंचित कललेलं शरीर ओळखीचं. अराई काम्पो या जपानी चित्रकाराने तर दोन्ही ठिकाणी काम केलं. रवींद्रनाथांच्या बोलावण्यावरून १९१६ साली तो भारतात आला, अजिंठ्यात राहून त्याने तिथल्या चित्रांच्या प्रतिकृती केल्या आणि १९४० पासून तो होर्यूजीच्या भिंतींसमोर बसला. १९४५ साली तो वारला. चारच वर्षांनी, २६ जानेवारी १९४९ रोजी, प्रतिकृतींचं काम चालू असतानाच मंदिराला आग लागली आणि मूळ चित्रं करपून गेली. त्या धक्क्याने १९५० साली सांस्कृतिक ठेव्याच्या संरक्षणाचा कायदा झाला. आपल्याकडे प्रजासत्ताक दिनाचं ध्वजवंदन चालू असतं, त्याच दिवशी जपानभरच्या देवळांत पाण्याचे फवारे उडवून आग विझवण्याची तालीम होते.

होर्यूजीत आज दिसतात त्या नंतर रंगवलेल्या प्रतिकृती. तरी जायचं असेल तर सकाळी आधी तिथे जावं आणि दुपारी तोदाइजी गाठावं. दुपारच्या जेवणाला पर्सिमोनच्या पानात गुंडाळलेली सुशी मिळते, पण तिच्यात मासा असतो. शाकाहारी गटांनी डबा बरोबर घेतलेला बरा, आणि तो हरणांपासून लांब उघडावा.