धुनेत मुरलेल्या कानांसाठी चार अल्बम

प्रयोगशील संगीताबद्दल बहुतेकांची तक्रार एकच असते : त्यात काही घडत नाही, तेच ते वाजत राहतं. वर्धा जिल्ह्यात तरी ही तक्रार टिकू नये. सेवाग्राम आश्रमाच्या सर्वधर्म प्रार्थनेची सुरुवातच जपानी बौद्ध मंत्राने होते. निचिदात्सु फुजी हे भिक्षू १९३३ मध्ये वर्ध्यात गांधीजींना भेटले, त्या नात्यातून तो मंत्र इथे रुजला. त्याच प्रार्थनेत ईशावास्य, कुराणातल्या आयती, पारशी प्रार्थना, एकादश व्रतं, भजन आणि रामधून असं सगळं एका बैठकीत येतं. इतक्या भाषा आणि इतके स्वभाव एकत्र बसवणं हाही प्रयोगच होता. फक्त त्याला कुणी तसं म्हटलं नाही.

धून म्हणणाऱ्याला एक गोष्ट अनुभवाने कळलेली असते. शब्द तेच राहतात, पण लय चढते, आवाज एकमेकांत मिसळतात आणि विसाव्या वेळी तीच ओळ वेगळी लागते. गेल्या साठ वर्षांतल्या प्रयोगशील संगीताचा एक मोठा प्रवाह नेमका याच अनुभवावर उभा आहे. आपल्याकडे फारसे न ऐकले गेलेले त्यातले हे चार अल्बम.

पहिला, फिलिप ग्लास यांचा ‘सत्याग्रह’. गांधीजींच्या दक्षिण आफ्रिकेतल्या लढ्यावरचा हा ऑपेरा १९८० मध्ये नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमला प्रथम झाला. त्यातले सगळे शब्द भगवद्गीतेचे आहेत आणि ते संस्कृतातच गायले जातात. गोपुरीच्या गीताई मंदिरात शिळांवर कोरलेली विनोबांची गीताई वाचलेल्यांना अर्थासाठी अडायला होणार नाही. ग्लास तरुणपणी पॅरिसमध्ये रविशंकर आणि अल्लारखा यांच्याबरोबर काम करताना आवर्तनाचं गणित शिकले होते. इथे ढोल-ताशे नाहीत, तुताऱ्या नाहीत. तंतुवाद्यं, बासऱ्यांच्या कुळातली वाद्यं आणि ऑर्गन एवढंच. शेवटच्या गाण्यात गांधी एकच आरोही सरगम तीसएक वेळा गातात. त्यातले रे, ग, ध, नी कोमल आहेत, म्हणजे भैरवी थाटाचेच स्वर. मैफल भैरवीने संपवणाऱ्या श्रोत्याला हा शेवट परका वाटायचं कारण नाही. सगळा ऑपेरा एका बैठकीत झेपणार नाही, तेव्हा आधी हे गाणं ऐका.

दुसरा, अॅलिस कोल्ट्रेन यांचा ‘कीर्तन : तुरिया सिंग्ज’. अमेरिकेतल्या डेट्रॉइटच्या चर्चसंगीतात वाढलेली ही कृष्णवर्णीय जॅझ कलावंत स्वामी सच्चिदानंदांच्या सहवासात आली, भारतात येऊन गेली आणि पुढे कॅलिफोर्नियात तिने स्वतःचा आश्रम काढला. तिथे तिने संस्कृत नामावली गायल्या. १९८२ची मूळ कॅसेट आश्रमानेच काढली होती, त्यामुळे ती भक्तमंडळींच्या पलीकडे फारशी गेली नाही. २०२१ मध्ये मुलगा रवी याने वाद्यवृंद वगळून फक्त आवाज आणि ऑर्गन असलेली आवृत्ती प्रसिद्ध केली. उच्चार आपल्या कानाला अधूनमधून खटकतील. पण नाव आपलं आणि आळवणी कृष्णवर्णीयांच्या चर्चमधली, हा मेळ दुसरीकडे ऐकायला मिळत नाही.

तिसरा मुंबईचा. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणारे चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही रेकॉर्ड केली. तोडी, यमन, मालकंस असे दहा राग रोलँड कंपनीच्या तीन यंत्रांवर वाजवले होते : एकावर ठेका, दुसऱ्यावर खर्जातली फिरती धून, तिसऱ्यावर राग. एचएमव्हीने ती काढली, पण कुणी फारशी विचारली नाही. पुढे याच प्रकारच्या यंत्रांतून शिकागोत ‘अॅसिड हाऊस’ नावाचं नृत्यसंगीत जन्माला आलं. २०१०मध्ये नेदरलँड्समधून रेकॉर्ड पुन्हा निघाली, तेव्हा तिकडच्या श्रोत्यांना धक्का बसला : हे तर मुंबईत आधीच झालं होतं! सिंग यांनी ते संगीत ऐकलेलं नव्हतं. खर्ज सतत धरून वर राग मांडायचा, ही तर तानपुऱ्याची रीत. त्यांनी ती यंत्राकडून करून घेतली. मोबाइलच्या स्पीकरवर खर्जच गायब होतो, म्हणून हा अल्बम हेडफोन लावूनच ऐकावा.

चौथा आजचा : मुंबईच्या ‘स्वदेशी’ या हिप-हॉप गटाचा २०२०चा ‘चेतावणी’. त्यातल्या ‘वारली रिव्होल्ट’मध्ये आरे जंगलातले आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांचा आवाज आहे. त्यांची लोकधून फिरत राहते आणि तिच्याभोवती जंगलतोडीवरचं मराठी रॅप येतं. तुकडोजी महाराजांनी खंजिरीच्या ठेक्यावर गावाला चार गोष्टी सुनावल्या, ती परंपरा ठाऊक असलेल्याला रॅप म्हणजे काय हे वेगळं समजवावं लागत नाही. ठेका पक्का असला की कडू बोलणंही लोक ऐकून घेतात.

हे अल्बम आपल्यापर्यंत पोचले नाहीत, यात श्रोत्यांचा दोष थोडा. आश्रमाच्या कॅसेटी आश्रमात राहिल्या, न खपलेली रेकॉर्ड दुकानातून उठली. आता हिंगणघाटात की हॉलंडात, हा फरक उरलेला नाही. चारही अल्बम फोनवर सापडतात. अडचण आहे ती तीस सेकंदांत गाणं पुढे ढकलायच्या नव्या सवयीची. पुनरावृत्तीचं संगीत तीस सेकंदांत फक्त कंटाळवाणं वाटू शकतं. रामधूनही तेवढ्यात रंगत नाही. प्रत्येक अल्बमला सलग दहा मिनिटं द्या. त्यानंतरही नाही आवडला, तर तो खुशाल बंद करा.